तुमचे लोंढ्याचे यजमान

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं. तुमच्या नावाचं पान मांडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकीला उपासाचं फार आवडायचं. वरीचा भात आणि दाण्याची आमटी आधी वाढा." वाढली मीच. भोवतीच्या बायका हुंदके देत माना डोलावत होत्या आणि मी डाव मुठीत धरून उभी होते. वरीचा भात! तो समोर आला की तुमचं तोंड कसं व्हायचं, ते त्या घरात मला एकटीला माहीत. "मेल्याला ना रूप ना चव," असं पुटपुटत तुम्ही तो ताकाच्या घोटाबरोबर खाली ढकलायचात. पान मांडून झाल्यावर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तिचे डोळे तेवढे शेवटपर्यंत बरे झाले नाहीत गं," म्हणाल्या. "दर बुधवारी दवाखान्यात जायची बिचारी."

मला हसू आलं, वन्सं. ते दाबायला गेले तर रडूच फुटलं, आणि शेजारच्या काकूंनी मला जवळ घेतलं. तेराव्याच्या पानासमोर असं हसू आणणारी नणंद देवानं आणखी कुणाला दिली असेल का, देव जाणे.

तुमचे डोळे पहिल्या महिन्यातच बरे झाले होते. डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं होतं. पुढची सगळी वर्षं आपण स्टेशनाजवळच्या सुमित्राबाईच्या खानावळीत तळलेला मासा खायला जात होतो.

मी निपाणीकडची. लग्न होऊन हुबळीला आले तेव्हा समुद्राचा मासा कधी पाहिलाही नव्हता. तुमचं घराणं मूळचं वेंगुर्ल्याचं. दुर्गदबैलात कापडाचं दुकान टाकून दोन पिढ्या झाल्या तरी गोव्याकडच्या गाडीनं बर्फातून मासा आला की घरातल्या पुरुषांच्या चालीत फरक पडायचा. मला काट्यांची धास्ती. पहिल्याच दिवशी काटा घशात अडकला तेव्हा तुम्ही कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावलात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ बसून बांगड्याचा मधला काटा अख्खा कसा सोडवायचा ते दाखवलंत. तुमची बोटं चालत होती, आणि मग तीच बोटं तुम्ही राख लावून, चिंच लावून धुतलीत आणि चुलीच्या पलीकडे जाऊन पिठलं-भात जेवलात. मी नवी होते. मी विचारलं, "वन्सं, तुम्ही नाही घेतलात?" तुम्ही म्हणालात, "मी सोडलेत."

सोडलेत कसले, सोडवले होते. एकोणिसाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला, वेंगुर्ल्याहून तुम्हाला माहेरी आणून सोडलं आणि कुंकवाबरोबर मासाही गेला. सासूबाईंना मी फार दोष देऊ शकत नाही, कारण मामंजी गेल्यावर त्यांनी स्वतःही सोडला होता. "मी सोडला, तिला काय होतंय?" एवढा साधा त्यांचा हिशेब. पण तुम्ही रोज तो साफ करत होतात, मीठ-मसाला लावत होतात, तळत होतात. चव न घेता मीठ कधी चुकलं नाही. हे म्हणायचे, "अक्काच्या हातचा मासा हुबळीत कुठे मिळायचा नाही." तुम्ही चुलीकडे तोंड करून बसलेल्या असायचात, म्हणून ते ऐकताना तुमचं तोंड कसं व्हायचं ते मी कधी पाहिलं नाही.

तो पहिला बुधवार. दवाखान्यातून निघालो, टांगा वळणावर होता, आणि पत्र्याच्या छपराखालून तव्याचा चर्र आवाज आणि वास एकदमच आले. तुम्ही चालता चालता थांबलात. डोळ्यांत औषध घातलेलं, पाणी गळतंय, आणि नाक वर. मी म्हणाले, "चला, उशीर होतोय." तुम्ही म्हणालात, "तिरफळ घातलंय तिनं." आणि सरळ गोणपाटाचा पडदा बाजूला करून आत शिरलात. मी तुमच्या मागे धावले ती तुम्हाला बाहेर काढायला. पण तुम्ही बाकावर बसलात, बाहेर जायच्या त्या गडद लुगड्याचा पदर गळा झाकून दोन्ही खांद्यांवरून मनगटापर्यंत लपेटून घेतलात आणि म्हणालात, "एक बांगडा दे गे बाय. रव्यातलो. कुरकुरीत कर."

तुमची ती वेंगुर्ल्याची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. सुमित्राबाई कारवारची. तिची भाषा तुमच्यापेक्षा थोडी निराळी, पण समुद्राकाठचं माणूस भेटलं म्हणून ती हरखून गेली. एरवी गिऱ्हाइकाला "बर्री, कुंद्री" म्हणून कानडीत बसवणारी बाई तुमच्याशी एकदम घरचं बोलायला लागली. पलीकडच्या बाकांवर रेल्वेच्या कारखान्यातले लोक खाली माना घालून भात कालवत होते. बाई माणूस म्हणून आपण दोघीच. मला वाटत होतं, धरणी दुभंगेल तर बरं. आणि तुम्ही खात होतात. घाई नाही, अधाशीपणा नाही. आधी शेपटीकडचं, मग पाठ, मग पोट. डोकं बाजूला ठेवलंत तर सुमित्राबाई तव्यावरून ओरडली, "टकली चोख गे! टकलेतच गोडी असता. टाकतंस काय ती?" तुम्ही निमूट डोकं उचललंत. तुम्हाला कुणी असं हक्कानं ओरडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. घरात सगळे तुमच्याशी हळू आवाजात बोलायचे.

निघताना तो प्रकार झाला. सुमित्राबाईनं फळीवरचा करंडा काढला. "बायलमाणसा माझ्या दारात जेवूक कधी येणत नाय. इलंस तर अशी जाव नको," म्हणाली. आधी मला कुंकू लावलं आणि मग तुमच्याकडे वळून म्हणाली, "कपाळ मोकळा कित्याक गे? घामान गेला?" तिच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. विधवा मासा खात नाही. ही बाई मासा खाते, म्हणजे ही सवाष्ण. तिनं बोट कुंकवात बुडवलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तुमच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि ती तुमच्या नवऱ्याची चौकशी करत होती, "घोव खंय असता तुजो?" आणि तुम्ही, यमुनावन्सं, ज्या बाईनं घरात कधी दुधाच्या सायीबद्दलही खोटं सांगितलं नाही, त्या तुम्ही अगदी सहज म्हणालात, "लोंढ्याक असतत. रेल्वेत."

टांग्यात मी तुम्हाला काय काय बोलले! मासा खाल्लात त्याचं काही नाही, पण कुंकू का लावून घेतलंत? तुम्ही म्हणालात, "तिनं हात पुढे केला होता. मागे घ्यायला लावू?" जुन्या हुबळीची गल्ली येईपर्यंत तुम्ही ते तसंच ठेवलंत. मग पदराच्या टोकानं पुसलंत, दोनदा, आणि मला विचारलंत, "राहिलंय का गं?" थोडं राहिलं होतं. मी पुसलं.

मला वाटलं होतं, झालं ते एकदाच. पण पुढच्या बुधवारी डोळे पुन्हा दुखायला लागले. मीच टांगा बोलावला. वर सुमित्राबाईला हातात काही दिसायला हवं म्हणून माझ्या पाटल्या तुम्हाला दिल्या, तेव्हा मी शहाणी आणि तुम्ही लबाड असं म्हणायला मला तोंड नाही. टांग्यात पाटल्या माझ्या हातातून तुमच्या हातात जायच्या आणि परतताना तुमच्या हातातून माझ्या. कधी कधी त्यांना तळणाचा वास राहायचा, आणि मी स्वयंपाकघरात शिरले की मांजर पायात घोटाळायचं.

आणि ते लोंढ्याचे यजमान! काय संसार केलात हो त्यांच्याशी! बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ही रीत तुमच्या किती कामी आली. नाव नाही, पण बाकी सगळं होतं. कधी त्यांची दाढ दुखायची, कधी बदलीची बोलणी निघायची, कधी ते येताना केसांत माळायला अबोलीचे वळेसर आणायचे. "येतात तेव्हा आधी मला विचारतात, जेवलीस का?" असं तुम्ही एकदा म्हणालात आणि सुमित्राबाई तव्यापुढे हात थांबवून म्हणाली, "देवमाणूस गे!" ती त्यांच्यासाठी इसवणीची, म्हणजे सुरमईची, तुकडी तळून पानात बांधून द्यायला लागली. नको म्हणायची सोय नव्हती. ती पुडी हुसेनसाब टांगेवाल्याच्या घरी जायची. आपण बाहेर आलो की तो आधी पुडीकडे बघायचा, मग आपल्याकडे, आणि विचारायचा, "आतेन्री अक्कार?" झालं का, म्हणून. लोंढ्याच्या यजमानांचं पोट सगळ्यात जास्त भरलं ते त्याच्या लेकरांनी.

एकदा मी विचारलं होतं, आठवतं? टांग्यातच. "खरे कसे होते हो?" तुम्ही घोड्याच्या पाठीकडे बघितलंत. मग म्हणालात, "वडीलधाऱ्यांसमोर बोलायचे नाहीत. एकटं बोलायला मिळायचं नाही. आवाज आठवत नाही मला त्यांचा. खोकला आठवतो." त्यानंतर मी लोंढ्याच्या यजमानांवरून तुमची थट्टा केली नाही. काही दिवस तरी.

पण भांडण संपलं नाही. मी म्हणत होते, तिला खरं सांगा. भली बाई आहे, खरं कळलं तरी वाढेल. तुम्ही म्हणायचात, "वाढेल ना. पण मग टकली चोख म्हणून ओरडणार नाही." मी म्हणायचे, एवढं प्रेम करते ती, तिला फसवणं बरं का? तुम्ही म्हणायचात, "मी तिचं काय नेलं?" मग माझा पारा चढायचा. "नसलेल्या माणसाच्या दाढेला लवंगतेल लावत बसता," असंही मी एकदा बोलले. तुम्ही शांतपणे पाटल्या काढून माझ्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "असलेल्याच्या कधी लावायला मिळालं नाही." दोन बुधवार आपण गेलो नाही. तिसऱ्या बुधवारी तुमचे डोळे दुखले.

मग लढाई आली. गाड्या पलटणी वाहायला लागल्या, मासा कधी यायचा, कधी वाटेतच सडायचा. खानावळीतली बाकं रिकामी पडली. सुमित्राबाई सुक्या बांगड्यावर दिवस काढायची, पण बुधवारी तुमच्यासाठी एखादा तरी ताजा दडवून ठेवायची. आपण तिघी मिळून तो खायचो. तिसरा वाटा तिचा, कारण तुम्ही तिलाही बसवायचात. तुमच्याकडे बघून मला वाटायचं, ही बाई इथे आहे ती खरी, की घरात चुलीआड बसते ती? हे मी तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

तुम्हाला ताप आला आणि उतरेना. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. पेज, साळीच्या लाह्यांचं पाणी, बस्स. तुम्ही तापात मला दोनदा विचारलंत, "आज बुधवार का गं?" मला राहवेना. पुढचं काय ते मला दिसत होतं. मी ह्यांना सांगितलं, खानावळीचं नाही, एवढंच की वन्संना मासा खावासा वाटतोय. हे भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "आण. आईशी मी बोलतो. एवढासा कण, जिभेला लावण्यापुरता." त्या घरात एवढं म्हणायला तुमच्या भावाला काय पडलं असेल ते तुम्हाला माहीत. ते बोललेही. सासूबाई काही न बोलता देवघरात जाऊन बसल्या, आणि त्या घरात ते हो म्हणण्यासारखंच होतं.

मी धावत तुमच्याकडे आले. वाटलं, तुमचा चेहरा फुलेल. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "नको," म्हणालात.

"का पण?"

"तिकडे मी मागून खाते गं. बाकावर बसते, बांगडा दे म्हणते, ती देते. इथे सगळे माझ्या पानाकडे बघत बसाल. परवानगीचा मासा मला नको."

मला राग आला. अजून आहे. इतकी वर्षं ज्या दारावर डोकं आपटावं असं वाटलं ते दार उघडलं, तर तुम्ही आत यायला तयार नाही! मी म्हणाले, "तुम्हाला चोरीचीच गोडी लागलीय." तुम्ही म्हणालात, "असेल." आणि डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही जे बोललात ते तापातलं, वेंगुर्ल्याच्या बोलीतलं. मला निम्मं कळलं नाही. हे आपलं शेवटचं बोलणं, वन्सं. असं कुणी जातं का वाद अर्धा टाकून? मला अजून पटलेलं नाही. तुम्ही घरात एक घास खाल्ला असतात तर उद्या या घरात दुसऱ्या एखादीला तो मागता आला असता, हे मी तुम्हाला सांगणार होते. आणि मग तुम्ही काय म्हणाला असतात, तेही मला ऐकायचं होतं.

घरातल्या पांढऱ्या लुगड्यात नेलं तुम्हाला. ते दंड घातलेलं, पाठीवर विरलेलं.

आज बुधवार. मी सासूबाईंना म्हणाले, दवाखान्याची औषधाची बाटली परत करून येते. त्या म्हणाल्या, "ये जाऊन. तिचं तिथलं ऋण राहायला नको." हुसेनसाबनं मला एकटीला पाहिलं आणि लगाम हातात घेतला. घोडा आपोआप स्टेशनाकडे वळला.

वाटेत मी पक्कं ठरवलं होतं. आता खरं सांगायचं. त्या बाईला तुमच्याबद्दल खरं कळायला हवं, निदान तुम्ही गेल्यावर तरी. शिवाय, खोटं कशाला बोलू, तुम्ही नाही म्हणायला जागेवर नव्हतात. एवढा एक वाद तरी मला जिंकायचा होता.

आत दोनच माणसं जेवत होती. सुमित्राबाईनं तव्यावर बांगडा सोडला होता, तुमचा. मला बघून म्हणाली, "यमनाबाय खंय?" मी सांगितलं. तिनं कालथा तसाच धरला, मग चुलीच्या कट्ट्यावर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. खूप रडली, वन्सं. सख्ख्या बहिणीसारखी. मी तोंड उघडणार तोच तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सवाशीण गेली गे. भाग्याची. हिरवा लुगडा नेसवलास मा?"

माझ्यासमोर ते विरलेलं पांढरं लुगडं आलं.

"हिरवं," मी म्हणाले. "काठाला जर होती."

"आणि घोव? पावलो मा वेळार?"

"पोचले. त्यांनीच तोंडात पाणी घातलं."

तिनं समाधानानं मान हलवली. बांगडा उलटला. मी तिथेच गप्प बसले असते तर सगळं नीट झालं असतं. पण ती तवा हलवत आपली सहज म्हणाली, "दादल्याचा काय गे. वरस सरूच्या आधी दुसरी आणतलो."

तेव्हा माझ्या डोक्यात काय झालं, मला सांगता येत नाही. चुलीआड पिठलं-भात खाणारी तुमची पाठ दिसली. तुमच्यासमोर मांडलेला वरीचा भात दिसला. मी उभीच राहिले.

"नाही आणणार," मी म्हणाले. "ते आता लग्न करणार नाहीत. जमिनीवर निजतात. एक वेळ जेवतात. लग्नाकार्यात पुढे होत नाहीत, आपल्या सावलीनं कुणाचं वाईट व्हायला नको म्हणून. आणि मासे त्यांनी सोडलेत. जन्मभरासाठी."

जेवणारी माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत होती. सुमित्राबाई कालथा धरून उभी होती आणि तव्यावर तुमचा बांगडा करपत होता.

"असो घोव," ती म्हणाली, "मी खंय बघूक नाय."

मीही नाही बघितला, वन्सं.